अमरावतीचा गोल

अमरावतीच्या फायनलमध्ये जो गोल झाला, तो धम्मरत्न मनवरनं मारला होता. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पण आज दारव्हा तालुक्यात कुणालाही विचारा, तो राजकुमार आडेचं नाव घेईल. आणि ते नाव त्या गोलाला पहिल्यांदा लावलं ते खुद्द धम्मरत्ननंच. कुणी त्याच्याकडून काही हिसकावून घेतलं नाही. त्यानं ते आपल्या हातानं एका म्हाताऱ्या बाईला देऊन टाकलं, आणि मग परत मागायची सोय राहिली नाही.

राजकुमार तांड्यावरचा, बंजाऱ्याचा पोरगा. धम्मरत्न तांड्याखालच्या गावातला, बौद्धपुऱ्यातला. मधे एक नाला आणि दीड किलोमीटरची कच्ची पांदण. पाचवीत दोघांनाही दारव्ह्याच्या शाळेत घातलं आणि दोघं एकाच सायकलवर जाऊ लागले. एक पायडल मारी, दुसरा मागे दोन्ही दप्तरं घेऊन बसे, नाल्यापाशी पाळी बदले. राजकुमारचे आईबाप, हंसाबाई आणि खेमसिंग, दिवाळी झाली की ऊसतोडीला सांगलीकडे जात ते उन्हाळ्यातच परतत. तेवढे महिने राजकुमार झोपायला आजीजवळ असे आणि जेवायला धम्मरत्नच्या घरी. धम्मरत्नची आई इंदूबाई त्याच्या वाटच्या भाकरी न विचारता थापायची. राजकुमार तिला माय म्हणे. तसाच धम्मरत्न हंसाबाईला याडी म्हणे, तांड्यावर सगळी लेकरं आपल्या आईला म्हणतात तसं.

शाळेत भगवानराव सर पीटी घेत. नागपूरला शिकताना ते फुटबॉल खेळलेले. दारव्ह्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात बॅट होती, पण सरांनी कुठूनसा एक चेंडू आणला आणि बैलबाजाराच्या मैदानावर पोरं उतरवली. बाजाराचा दिवस सोडून रोज संध्याकाळी खेळ चाले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी अर्धा तास शेण उचलावं लागे. धम्मरत्न बुटका आणि चपळ, त्याला सरांनी पुढे घातलं. राजकुमारचे पाय लांब, पण वळायला त्याला वेळ लागे. सरांनी त्याला डावीकडे मागे उभं केलं आणि सांगितलं, इथून कुणाला जाऊ द्यायचं नाही. तो तिथे उभा राहिला. चार वर्षांत त्यानं एकही गोल केला नाही. एक केला होता, दिग्रसला, तो आपल्याच जाळीत.

दहावीच्या वर्षी हा संघ कसाबसा जिंकत जिंकत विभागाच्या फायनलपर्यंत पोचला. अमरावतीच्या मैदानावर समोर अकोल्याची पोरं होती, सगळ्यांच्या पायात एकसारखे बूट. पहिला अर्धा वेळ दारव्ह्याच्या पोरांनी चेंडू नुसता लांब लाथाडला. दुसऱ्या अर्ध्यात एक चेंडू धम्मरत्नच्या पुढे पडला. त्यानं मान वर न करता डाव्या पायानं ठोकला. चेंडू काही जोरात गेला नव्हता. गोलकीपर वाकलाही होता. पण तिथे जमिनीत रुतलेला एक गोटा होता, त्यावर टप्पा पडून चेंडू गोलकीपरच्या खांद्यावरून आत गेला.

त्यानंतरची वीस मिनिटं मात्र धम्मरत्नची नव्हती. अकोल्याची पोरं चवताळली. शेवटी एकानं गोलकीपरलाही मागे टाकलं. समोर रिकामी जाळी, आणि जाळीच्या रेषेवर राजकुमार. त्यानं अंग टाकलं. चेंडू छातीला लागून बाहेर गेला आणि मागोमाग आलेल्या पोराचा बूट त्याच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात तुटले. सरांनी तोंडात कापूस कोंबला, बाहेर ये म्हणाले. त्यानं मान हलवली आणि उरलेली सहा मिनिटं कापूस चावत डावीकडेच उभा राहिला.

कप मिळाल्यावर फोटो निघाला. सरांनी कप राजकुमारच्या हातात दिला. फोटोत सगळी पोरं हसताहेत, तो एकटा तोंड मिटून उभा आहे. पुढे राज्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात कोल्हापूरकडच्या पोरांनी त्यांच्यावर पाच गोल चढवले आणि दारव्ह्याचा फुटबॉल तिथेच संपला.

बारावीनंतर दोघं सैन्याच्या भरतीला अकोल्याला गेले. उंचीच्या पट्टीखाली धम्मरत्न दीड सेंटीमीटर कमी भरला. राजकुमार पळण्यात निघाला, तपासणीत निघाला, आणि परतीच्या एसटीत दारव्ह्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. जणू नापास तोच झाला होता. धम्मरत्न आणखी दोनदा जाऊन आला. उंची तेवढीच राहिली. मग तो काळीपिवळी, सवाऱ्यांची जीप, चालवायला लागला, दारव्हा ते दिग्रस.

राजकुमार पलटणीच्या संघातही काही वर्षं खेळला, तिथेही डावा बॅक. सुट्टीवर आला की दोन दिवस घरी थांबे आणि तिसऱ्या दिवशी काळीपिवळीत पुढच्या सीटवर येऊन बसे. स्टँडवर उतरून "दिग्रस, दिग्रस" असं ओरडून सवाऱ्या भरी. खेमसिंगला हे आवडत नसे. फौजी माणूस अन् गाडीचा क्लीनर, लोक काय म्हणतील, असं तो चिडून म्हणे. राजकुमार नुसता हसे, सैन्यानं बसवून दिलेल्या पांढऱ्याशुभ्र दोन दातांनी. गाडीत कुणी ओळखीचं बसलं की धम्मरत्न गोलाची गोष्ट काढी आणि राजकुमार ती हाणून पाडी.

"गोल तुहा नाही बे," तो म्हणे. "गोट्याचा हाये. कप त्या गोट्याले द्या लागत होता."

त्याचं लग्न झालं, महागावकडची ममता घरात आली, सोनू नावाची मुलगी झाली. धम्मरत्नलाही दीपा झाली होती. दीपाला शाळेत सोडताना गाडीत तो तिला गोलाची गोष्ट सांगे. त्या गोष्टीत गोटा नव्हता. पोरगी लहान होती, गोट्याचं तिला काय करायचं, असं त्याला वाटे. दुसरीत जाईपर्यंत तिला ती शब्दन् शब्द पाठ झाली. तो एखादं वाक्य गाळे तर ती भरून काढी.

गेल्या वर्षी मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. राजकुमार तिकडेच होता. पेन्शनीवर यायला दोन वर्षं राहिली होती. एका दुपारी धम्मरत्नला त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. घरी लागत नाही, तू तांड्यावर जाऊन सांग, म्हणाला.

"काय सांगू?"

"याडीले सांग, मी मागंच हावो. बॅकले."

धम्मरत्ननं गाडी तशीच तांड्यावर घेतली. हंसाबाईनं विचारलं, बॅक म्हणजे काय. तो म्हणाला, बॅक म्हणजे सगळ्यात मागं, याडी, जिथं काही येत नाही. तिनं दोनदा तो शब्द म्हणून पाहिला आणि त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा धड जेवली, असं ममतानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलटणीतून खेमसिंगला फोन आला.

राजकुमार यायला दोन दिवस लागले. जम्मूहून नागपूर, नागपूरहून ट्रकनं. तांड्यावर मंडप पडला, गाड्या येऊ लागल्या, वखरलेल्या रानात लोकांनी मोटारसायकली लावल्या. ममताला बायांनी धरून ठेवलं होतं. खेमसिंग येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होता. हंसाबाई मात्र रडली नव्हती. ती उंबऱ्यात बसून होती. बाया तिला सांगत होत्या, रड माय, मोकळी हो. ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. धम्मरत्न तिच्याजवळ जमिनीवर बसला. बऱ्याच वेळानं तिनं त्याच्याकडे तोंड वळवलं.

"धम्मा, तो चेंडू खेळे, ते मी कधीच पाह्यलं नाही," ती म्हणाली. "आम्ही उसातच राहो. एकदा तर मी त्याचे बूट चुलीत घातलते. चांगला खेळे का रे तो?"

धम्मरत्नच्या ओठावर खरं तेच आलं होतं. बॅक होता, याडी, त्याच्याइतका चांगला बॅक नव्हता, असं. पण तो शब्द त्यानं दोनच दिवसांपूर्वी तिला समजावून दिला होता. सगळ्यात मागं, जिथं काही येत नाही. आता तो शब्द तिच्यासमोर उच्चारायचा कसा?

"अमरावतीच्या फायनलले गोल त्यानंच मारला याडी," तो म्हणाला. "एकच गोल झाला, तो त्याचा. सगळं मैदान उठून उभं झालतं."

हंसाबाईनं विचारलं, मैदानात लोक किती होते. तो म्हणाला, हजारेक तरी. मग हळूहळू तिचा बांध फुटला आणि ती रडायला लागली. बाया म्हणाल्या, बरं झालं.

मंडपाच्या खांबाला टेकून एक वार्ताहर उभा होता. त्यानं हे ऐकलं, भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलमध्ये फोटो काढला. फोटोत कप राजकुमारच्याच हातात होता. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत आलं, अमरावती गाजवणारा गोल मारणारा वीर गेला. संध्याकाळी अंत्यसंस्काराला जे नेते बोलले ते सगळे त्या गोलावर बोलले. एकानं गोल तीन केले, पण ते टिकलं नाही. एक गोल टिकला.

शवपेटीबरोबर एक हवालदार आला होता. त्याला धम्मरत्ननं बाजूला घेऊन विचारलं, कसं झालं. हवालदार साधा माणूस होता. म्हणाला, सकाळी गोळाबारी थांबली होती. बंकरमध्ये पाणी संपलं होतं. राजकुमार म्हणाला, मी आणतो. भरलेला कॅन घेऊन येताना गोळा पडला. धम्मरत्ननं विचारलं, त्याची पाळी होती का पाण्याची. हवालदार म्हणाला, नाही, पाळी कुणाची होती ते आता कशाला.

पाचव्या दिवशी भगवानराव सरांचा फोन आला. सर आता यवतमाळला मुलाकडे असतात. पेपर त्यांच्या समोरच होता. त्यांनी आधी राजकुमारबद्दल विचारलं, मग म्हणाले, "धम्मा, गोल तू मारला होता ना?"

"हो सर."

"मग?"

"याडीले मीच तसं सांगतलं, सर."

सरांनी पेपरची घडी केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ठीक आहे, मी कुणाजवळ काही बोलणार नाही. त्यांनी ते पाळलं. संघातली बाकीची पोरं पुण्याकडे कंपन्यांत होती. त्यांच्यातल्या दोघांनी मोबाइलवर तीच बातमी पुढे पाठवली, खाली हात जोडलेले. त्यांना खरंच आठवत नव्हतं की आठवून गप्प होते, हे धम्मरत्ननं कधी विचारलं नाही. घरी इंदूबाईला सगळं माहीत होतं. ती फक्त एकदा म्हणाली, दिलं तर दिलं, आता त्याचा जीवाले घोर नको लावून घेऊ.

पहिले काही महिने त्यानं घोर लावून घेतला नाही. उलट बरं वाटे. मित्रासाठी आपल्याला काहीतरी करता आलं, असं. दर रविवारी तो तांड्यावर जाई. हंसाबाई ताट वाढून घेई, पण घास उचलत नसे. म्हणे, सांग. तो गोल सांगे. मग ती जेवे. एकच गोष्ट किती वेळा सांगणार, म्हणून तो दर रविवारी त्यात थोडं थोडं घाली. एकदा पाऊस घातला, एकदा अकोल्याच्या मास्तरांनी येऊन राजकुमारची पाठ थोपटल्याचं घातलं. हंसाबाई ते सगळं लक्षात ठेवी. पुढच्या वेळी मास्तर राहून गेले तर विचारी, अन् ते मास्तर?

दिवाळीनंतर एकदा स्टँडवर ड्रायव्हर लोक बसले होते. गोष्ट राजकुमारच्या स्मारकावर आली, तिथून गोलावर आली. एका नव्या पोरानं धम्मरत्नला विचारलं, तू होता म्हणते त्या टीममध्ये. कुठं खेळे? धम्मरत्न म्हणाला, असाच, पुढं. पोरगा म्हणाला, मंग तू काहून नाही मारला एखादा? सगळे हसले. धम्मरत्नही हसला. त्या दिवशी त्यानं तीन फेऱ्या कुणाशी न बोलता मारल्या. मेलेल्या मित्राचा आपल्याला राग येतो आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की त्या रविवारी तो तांड्यावर गेलाच नाही. सोमवारी ममताचा फोन आला, याडीनं काल ताट सरकवून दिलं.

मग जानेवारीत ते दीपाच्या शाळेत गेलं. प्रजासत्ताक दिनासाठी वर्गात वीर जवान राजकुमार आडे यांच्यावर भाषणं बसवत होते. एका मुलीनं गोलाचं सांगितलं तेव्हा दीपा उठून उभी राहिली आणि म्हणाली, तो गोल माझ्या पप्पांनी मारला. वर्ग हसला. बाईंनी तिला बसवलं. रागावल्या नाहीत. समजावून म्हणाल्या, जो माणूस देशासाठी गेला, त्याचं श्रेय आपण घेऊ नये, बेटा.

घरी आल्यावर दीपानं दप्तर ठेवलं आणि बापासमोर उभी राहिली. अकरा वर्षांची पोरगी, आवाज चढवला नाही.

"पप्पा, गोल कोणं मारला?"

धम्मरत्ननं इंदूबाईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. आता खरं सांगितलं तर उद्या ही शाळेत सांगणार, शाळेतून ते तांड्यावर जाणार. तांडा किती लांब आहे? दीड किलोमीटर.

"दोघांईनं मिळून," तो म्हणाला.

दीपानं तेवढ्यावर मान हलवली आणि हातपाय धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत ती मागच्या सीटवर बसली. पुढे जागा होती तरी.

मे महिन्यात वर्ष झालं. तांड्याच्या तोंडाशी स्मारक उभं राहिलं. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं कोरली, जन्म, भरती, वीरमरण, आणि मधे एक ओळ, अमरावती विभागीय फुटबॉल स्पर्धेतील विजयी गोलचे मानकरी. स्मारक समितीचे रामराव आठ दिवस आधी धम्मरत्नकडे येऊन गेले. म्हणाले, तू त्याचा जोडीदार, तू दोन शब्द बोललाच पाहिजे, अन् गोल नीट सांगजो. सरांनाही बोलावणं गेलं. त्यांनी गुडघे दुखतात म्हणून कळवलं.

धम्मरत्ननं ठरवलं होतं की आपण दातांची गोष्ट सांगायची. गोल कुणाचा ते काढायचंच नाही. रेषेवर अंग कसं टाकलं, कापूस चावत कसा उभा राहिला, एवढंच. माईकसमोर उभा राहिला तेव्हा पहिल्या रांगेत हंसाबाई होती. नवी साडी नेसवलेली, मांडीवर सोनू. तिचे ओठ आधीच हलत होते. गोल तिला तोंडपाठ होता आणि ती त्याची वाट पाहत होती. मागे शाळेच्या मुलींच्या रांगेत दीपा होती. ती बापाकडे पाहत नव्हती, पायांजवळची माती उकरत होती.

"राजू माहा दोस्त होता," धम्मरत्न म्हणाला. "तो," म्हणाला, आणि पुढे काहीच आलं नाही. त्यानं तीनचार वेळा तोंड उघडलं. मग रामराव आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला खाली नेलं, आणि माईकवर म्हणाले, मित्राचं दुःख आपण समजू शकतो. लोकांनी डोळे पुसले.

जेवणावळी सुरू झाल्या तशी ममता त्याला शोधत घरामागे आली. तो बांधकामाच्या उरलेल्या विटांवर बसला होता. तिनं पाण्याचा गिलास त्याच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊ, गोल तुमी मारलता," ती म्हणाली. "मले माहीत हाये. सोनूच्या पप्पानं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात सांगतलं होतं. गोट्यासकट."

धम्मरत्ननं गिलास खाली ठेवला.

"मंग वर्षभर काहून बोल्ल्या नाही, वहिनी?"

"तुमी काहून बोल्ले नाही?"

ती म्हणाली, याडी त्या गोलावर जेवते भाऊ, मी काय बोलू. मग विटांवर त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून बसली. तिनं विचारलं, गोल तुमचा, हे ते दहा वेळा सांगत. पण ते स्वतः तिथं काय करत होते, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, मी उभा होतो.

मग धम्मरत्ननं तिला सांगितलं. माईकवर जे आलं नाही ते सगळं आलं. रिकामी जाळी, छातीला लागलेला चेंडू, बूट, दात, कापूस, सहा मिनिटं. ममता ऐकताना मधेच हात वर करून थांबवत होती. कोणत्या बाजूला उभे होते? डावीकडे. रक्त किती आलं? शर्ट भरला होता.

"मले म्हणे, लहानपणी बैलानं शिंग मारलं," ती म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला. मग स्मारकाच्या दिशेला पाहत म्हणाली, "हे पाहिजे होतं त्या दगडावर."

तिनं ते दोष देऊन म्हटलं नव्हतं. धम्मरत्ननंही तिकडे पाहिलं. आपला गोल गेला, याचाच विचार तो वर्षभर करत होता. राजकुमारचं काय गेलं, हे त्यानं एकदाही मोजलं नव्हतं. चार वर्षं डावीकडे उभा राहिलेला, दात देऊन कप राखणारा, दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आणायला गेलेला माणूस त्या दगडावर कुठेच नव्हता. तिथे एक गोल मारणारा कुणीतरी होता, ज्याला धम्मरत्ननं उंबऱ्याशी बसून घडवलं होतं.

"कोणता गोटा?"

दीपा घराच्या कोपऱ्याशी उभी होती. केव्हापासून, ते कळलं नाही. ममतानंच तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, गोल तुझ्या पप्पांनीच मारला बेटा, राजूकाकांनीच मला सांगितलं. चेंडू गोट्यावर उडाला म्हणून गोल झाला, ते दोघं त्यावर लई हसत. दीपानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या तोंडावर आनंद दिसला नाही.

"मंग सगळ्याईसमोर सांगा ना," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून हंसाबाईची हाक आली, धम्मा, ए धम्मा.

ती आतल्या खोलीत ताट घेऊन बसली होती. ताट तसंच होतं. "बेस," ती म्हणाली, बस. "बाहेर तू बोल्लाच नाही. लोकाईनं ऐकलंच नाही. आता सांग."

धम्मरत्न भिंतीला टेकून बसला. दीपा दारातच उभी राहिली, ममता तिच्यामागे. त्यानं सुरुवात केली. अमरावतीचं मैदान, अकोल्याची पोरं, एकसारखे बूट. चेंडू लांबून आला इथपर्यंत तो ठीक होता. मग राजूच्या पुढे चेंडू पडला असं म्हणायचं होतं आणि राजू म्हणताच त्याच्या डोळ्यांसमोर कापूस चावणारं तोंड आलं. हंसाबाई वाट पाहत होती. तिचा हात ताटावरून मागे सरकला.

"मंग राजूकाकांनं मान वर केलीच नाही," दारातून दीपा म्हणाली. "डाव्या पायानं ठोकला. गोलकीपर वाकला, पण चेंडू त्याच्या खांद्यावरून गेला. जाळी हालली. मैदान उठून उभं झालं."

शब्द तेच होते, लहानपणी शाळेत जाताना गाडीत ऐकलेले. नाव तेवढं तिनं बदललं होतं. आणि गोटा घातला नव्हता.

हंसाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "अन् ते मास्तर?" तिनं विचारलं.

दीपाला मास्तर माहीत नव्हते. तिनं बापाकडे पाहिलं. धम्मरत्न म्हणाला, मास्तरांनी पाठ थोपटली. म्हणाले, असा पोरगा पाह्यला नाही. हंसाबाईनं मान हलवली आणि भाकरी मोडली. ती जेवून होईपर्यंत तिघंही तिथेच थांबले.

निघताना ऊन कललं होतं. दीपा पुढच्या सीटवर बसली. पांदणीत गाडी हळू चालवावी लागते. नाला ओलांडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

"पप्पा, ते गोलाचं आता मले नको सांगत जाऊ," ती म्हणाली.

"बरं," धम्मरत्न म्हणाला.

डांबरी रस्त्याला लागल्यावर दारव्ह्याला जाणारी चारपाच माणसं हात करून उभी होती. त्यानं गाडी थांबवली, दीपाला आत सरकायला सांगितलं. एक म्हातारा धोतर सावरत तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, तांड्यावरून आले वाटते. कार्यक्रम चांगला झाला म्हणते?

"झाला," धम्मरत्न म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.